खेळांतील पात्रें व आपले अश्रू

नाटक पाहतांना डोळे पाणावले, तर तें रसिकतेचें लक्षण समजलें जातें. कादंबरी वाचतां वाचतां गहिंवर आला, तर वाचकाच्या सहृदयतेची वाखाणणी होते. मात्र व्हिडिओ गेम खेळतांना घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें रुमाल डोळ्यांस लावला, तर वडीलमंडळींस त्यांत हंसण्यापलीकडे कांहींच दिसत नाहीं. हा भेद आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. आणि तो कां वाटत नाहीं, हें एका खेळाची हकीकत सांगितल्यावांचून उलगडणार नाहीं.

'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' हा खेळ स्वीडनमध्यें तयार झाला व २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक जोसेफ फारेस हे त्यापूर्वीं चित्रपट करीत असत. एका खेड्यांत बाप अत्यवस्थ आहे. दूरच्या जीवनवृक्षाचें पाणी मिळालें तरच तो वांचेल. तें आणावयास त्याचे दोघे मुलगे निघतात. आई पूर्वींच समुद्रांत बुडून वारली. तिला वांचवितां आलें नाहीं हें शल्य धाकट्याच्या उरांत आहे, आणि म्हणून तो पाण्यास भितो. वाटेंत खोल पाणी लागलें, कीं थोरला पोहतो व धाकटा त्याच्या पाठीस बिलगून राहतो. हीं पात्रें बोलतात ती भाषा पृथ्वीवरील कोणाचीच नव्हे. शब्द कळत नाहींत, पण स्वर कळतात.

कथा एवढीच, आजीनें निजतांना सांगावी अशी. खरी खुबी आहे ती खेळणाऱ्याच्या हातांतील यंत्रांत. त्याच्या डावीकडील दांडी व कळ थोरल्याची, उजवीकडील धाकट्याची. दोन हातांनीं दोन भाऊ चालवावयाचे! प्रथम फार तारांबळ उडते. पुढें तबला व डग्गा यांवर हात बसावा तसे दोन्ही हात बसतात, आणि डावा म्हणजे थोरला हें मनास सांगावें लागत नाहीं.

अखेर झाड सांपडतें; परंतु थोरला वाटेंतच घायाळ झालेला असतो. धाकटा वर चढून पाणी घेऊन उतरतो, तोंवर त्याचा प्राण गेलेला असतो. भावास पुरून त्यावर माती लोटण्याचें काम एकट्या उजव्या हातास करावें लागतें. डाव्या हातास आतां कामच उरत नाहीं. भाऊ गेला हें खेळणाऱ्यास निराळें सांगावें लागत नाहीं. त्याचा रिकामा अंगठाच तें सांगत असतो.

घर जवळ येतें आणि पाणी आडवें येतें. धाकटा कांठावर थबकतो. उजवी कळ कितीही दाबा, तो पोहावयास धजत नाहीं. शेवटीं थोरल्याची, म्हणजे डावीकडची, कळ दाबावी तेव्हां कोठें तो पाण्यांत शिरतो. 'भाऊ त्याच्या अंतर्यामीं होता' असें एखाद्या कादंबरीकारानें लिहिलें असतें, तर आम्ही बहुधा पान उलटून पुढें गेलों असतों.

अर्थात् सर्वच खेळ या तोलाचे नसतात. पुष्कळांत पात्रें केवळ मारलीं जाण्यापुरतीं जन्मास येतात. त्यांची भलामण करण्याची आमची इच्छा नाहीं.

आपल्या साहित्यशास्त्रांत भट्टनायकानें साधारणीकरणाचा विचार मांडला. रंगभूमीवरील शोक प्रेक्षकाचा खासगी शोक राहत नाहीं, म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो. प्रेक्षक आणि प्रसंग यांच्यामधील हें अंतर खेळांत मोडतें, व करुणाबरोबर अपराधाची भावनाही आंत शिरते. २०१३ मधीलच 'द लास्ट ऑफ अस' हा अमेरिकन खेळ पाहा. (तो प्रौढांसाठींच आहे, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.) आरंभीं खेळणारा जोएलच्या मुलीच्या रूपानें घरांत हिंडतो, थोड्याच वेळांत ती मुलगी बापाच्या हातांत प्राण सोडते. वीस वर्षांनंतर हाच जोएल एली नांवाच्या पोरक्या मुलीस उद्ध्वस्त अमेरिकेंतून घेऊन जातो. साथीचा रोग तिला बाधत नाहीं. तिच्यापासून औषध करूं पाहणारे वैद्य सांगतात, कीं त्यांत तिचा जीव जाईल. जोएल शस्त्रक्रियेच्या खोलींत शिरतो, आणि तेथें शस्त्रवैद्यास ठार केल्याखेरीज कथा पुढें सरकतच नाहीं. २०२३ सालीं याच कथेवर दूरचित्रवाणी मालिका निघाली. ती पाहणारा खुर्चींत बसून जोएलला दोष देऊं शकतो. खेळणाऱ्यास तितकें सोपें नाहीं. कळ त्याच्याच बोटानें दाबलेली असते.

शेवटचीं पावलें मात्र तो जोएल म्हणून चालत नाहीं, एली म्हणून चालतो. ती जोएलला खरें काय तें विचारते. जोएल शपथ घेऊन तिला खोटें सांगतो, आणि तें खोटें आहे हें ती वगळून खेळणाऱ्यास ठाऊक असतें.