गाडीची किंमत आणि हंगामाचे भांडवल

गोंदिया जिल्ह्यात दसरा-दिवाळी हा दोन खरेद्यांचा काळ असतो. एकीकडे मुहूर्त साधून नवी वाहने दारी येतात. दुसरीकडे हलक्या धानाची आवक सुरू होते आणि पाठोपाठ भारी धान येते. व्यवसाय राईस मिलचा असो, अडतीचा असो वा कापड-किराण्याचा, येथील पैशाचे चक्र धानाभोवतीच फिरते. म्हणूनच या दिवसांत गादीवर निघणारा महागड्या गाडीचा विषय केवळ हौसेचा राहत नाही, तो भांडवलाचा होतो.

असे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुलाच्या मनात ५० लाखांची जर्मन बनावटीची गाडी आहे. वडील २० लाखांच्या गाडीवर समाधानी आहेत. नागपूर-रायपूरच्या व्यापाऱ्यांत उठबस करायची तर गाडी शोभली पाहिजे, शिवाय उद्या घरात स्थळे यायची आहेत, असे मुलाचे म्हणणे. वडिलांना हा शुद्ध अपव्यय वाटतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. परंतु वही मात्र दोघांनीही उघडलेली नसते.

वही उघडली म्हणजे चित्र स्पष्ट होते. मूळ किमतींतील फरक ३० लाखांचा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे घेतलेल्या पेट्रोल गाडीवर १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के वाहन कर पडतो. म्हणजे एकीवर २ लाख ४० हजार, तर दुसरीवर ६ लाख ५० हजार. विमा धरता एकूण फरक ३५ लाखांच्या घरात जातो. एवढी रक्कम ९ टक्के दराने ५ वर्षांसाठी कर्जाऊ घेतली असे मानल्यास मासिक हप्ता सुमारे ७२,६५० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ८ लाख ६० हजार रुपये होते. विम्याच्या घसारा-कोष्टकात चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीचे मूल्य निम्मे धरतात. त्या मापाने एका गाडीचे २५ लाख उरतात, दुसरीचे १० लाख. जास्तीच्या ३५ लाखांपैकी १५ लाख शिल्लक राहिले, २० लाख झिजले. त्यात व्याज मिळवले की हौसेचे खरे मोल दरमहा सुमारे ४७,६०० रुपये ठरते. देखभालीचा वाढीव खर्च वेगळाच. अधिकृत सेवाकेंद्रासाठी नागपूर वा रायपूर गाठावे लागते.

याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. २०२५-२६ च्या खरीप हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या दराने ३५ लाखांत सुमारे १,४७५ क्विंटल धान येते. शासकीय धानाची भरडाई घेणाऱ्या गिरणीमालकाला बँक हमीचीही तजवीज करावी लागते. अशा वेळी गाडीची रक्कम कॅश क्रेडिट खात्यातून उचलली, तर ऐन हंगामात मर्यादा भरून जाते आणि माल समोर असूनही हात आखडतो. अल्पमुदतीचा पैसा दीर्घकाळ अडकणाऱ्या वस्तूत घालू नये, हा बँकिंगचा पहिला धडा येथे विसरला जातो.

‘फर्मच्या खर्चात टाकू’ हे उत्तरही तपासून घ्यावे. स्वतःच्या वापराच्या प्रवासी गाडीवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट व्यापाऱ्याला सहसा मिळत नाही. आयकरात घसारा १५ टक्के मिळतो; पण वर्षात वापर १८० दिवसांहून कमी असेल तर पहिल्या वर्षी तो निम्माच. दिवाळीच्या मुहूर्ताची गाडी नेमकी याच कक्षेत येते. गाडी कंपनीच्या नावे घेतल्यास राज्यात वाहन कर २० टक्के आहे. करसवलतीने खर्चाचा एक हिस्सा हलका होतो. उरलेला आपल्याच खिशातून जातो.

प्रतिष्ठेचे गणित समजण्यास मराठवाड्याचे उदाहरण उपयोगी आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एकाच वेळी घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता आणि स्टेट बँकेने ७ टक्के दराने कर्ज दिले. एकजुटीने सौदा करण्याची ती व्यापारी हुशारी होती. ट्रॅक्टरसाठी शेतकऱ्याला याहून चढा दर का, असा सवालही तेव्हा झाला. यातील बोध निराळा आहे. एकाच शहरात दीडशे घरांपुढे तीच गाडी उभी राहिली, की वेगळेपणाची किंमत मोजूनही वेगळेपण हाती लागत नाही.

सुरक्षिततेसाठी जास्तीचा पैसा जरूर द्यावा. रात्री-अपरात्री प्रवास करणाऱ्या कुटुंबाने त्यात काटकसर करू नये. तथापि भारत एनकॅपची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून मध्यम किमतीच्या अनेक गाड्यांनीही पाच तारे मिळवले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मर्सिडीजच्या मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पट्ट्याला वेगळा पैसा पडत नाही. पडते ती शिस्त.

मग महागडी गाडी घेऊच नये काय? हंगामाचे भांडवल अबाधित ठेवून, मुलांचे शिक्षण, आरोग्य व दानधर्म यांची तरतूद करून निव्वळ शिल्लक राहत असेल, तर कुटुंबाने आनंदाने घ्यावी. केवळ ‘लोक काय म्हणतील’ यासाठी हप्ता बांधून घेणे मात्र तोट्याचा सौदा होय.

उपासकदशांगातील आनंद श्रावक कोट्यधीश होता. भगवान महावीरांकडून व्रते घेताना त्याने संपत्तीबरोबर वाहनांचीही संख्या ठरवली: पाचशे गाड्या प्रवासासाठी, पाचशे मालवाहतुकीसाठी. त्याने वाहने सोडली नाहीत, मोजली. परिग्रह-परिमाणाचे मर्म हेच आहे. मर्यादा घरी बसून, वही समोर ठेवून ठरवावी आणि मगच शोरूमची पायरी चढावी. बाप-लेकाने एकत्र बसून तो आकडा लिहिला, की निम्मा वाद तेथेच मिटतो.