तुमचा मुलगा काय करतो?

गेल्या जूनमध्ये लिंबायत भागातील एक गृहस्थ आपल्या दोन मुलांना घेऊन दवाखान्यात आले. धाकटीला ताप होता. परंतु बोलणे लवकरच थोरल्याकडे वळले. दहावी झालेल्या त्या मुलाला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व्हायचे होते. वडिलांना तो ऑफिसात, खुर्चीवर बसलेला पाहायचा होता. "साहेब, तुम्हीच समजवा त्याला," ते जवळजवळ ओरडूनच म्हणाले. मला ते रागावलेले वाटले. मग ध्यानात आले की त्यांना ऐकूच कमी येते. वीस वर्षे लूमवर, बारा-बारा तासांच्या पाळ्या! कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मागांचा खडखडाट बहुधा ती ओलांडतो.

श्रमप्रतिष्ठेवरचे माझे भाषण तयारच होते. "कोणतेही काम हलके नसते," एवढे म्हणतो तोच त्यांनी विचारले, "तुमचा मुलगा काय करतो?"

"एमबीबीएसला आहे," मी म्हणालो, आणि भाषण तेथेच संपले.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाईनने येऊन उधना-लिंबायतमध्ये स्थिरावलेल्या आपल्या खानदेशी बांधवांची पांढरपेशा होण्याची ओढ आपण डॉक्टर मंडळी पुष्कळदा हसण्यावारी नेतो. त्यांना कष्टांचा तिटकारा नाही. कष्टांची किंमत त्यांनी शरीराने मोजलेली आहे.

मला सप्टेंबर १९९४ आठवला. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून गेली. अनेक खाजगी दवाखान्यांना कुलुपे लागली. जाणाऱ्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. घरून निरोप येत होते आणि एका रात्री मीही पिशवी भरून ठेवली होती. वॉर्डात निदान मास्क आणि टेट्रासायक्लिन मिळत असे. बाहेर पुराचा गाळ आणि कुजलेला कचरा उपसणाऱ्या सफाई कामदारांच्या हातांत मी मोजेही पाहिले नाहीत. पुढे १९९५ मध्ये आयुक्त एस. आर. राव आले, त्यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित कचेऱ्यांतून उठवून रोज सकाळी रस्त्यावर आणले आणि शहराचे रूप पालटले. रावांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. झाडू मारणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही. त्यांतील बहुतेकांनी ते काम निवडलेही नव्हते. जातीने ते त्यांच्या पदरी टाकले होते. अशा कामाला आपण व्यासपीठावरून नुसती 'प्रतिष्ठा' दिली, तर त्यांच्या हाती काय पडते?

असो. मुलाला मी विचारले, "वायरिंगच का रे?"

"पप्पांचा डबा घेऊन जायचो ना, तेव्हा बघायचो. मोटर बंद पडली की शेठसुद्धा वायरमनची वाट बघत उभा राहतो."

मला त्याचे उत्तर पटले. परवाना मिळवून स्वतःचा दर सांगणारा कारागीर आणि मीटरमागे मजुरी घेणारा कामगार यांत फार अंतर आहे, हे मी वडिलांना मोठ्या आवाजात समजावले. "बघू," एवढेच ते म्हणाले.

मुलाने आयटीआयचा फॉर्म भरला. वडिलांना मी श्रवणचाचणीसाठी चिठ्ठी लिहून दिली होती. खाडा पडेल म्हणून ते अद्याप गेलेले नाहीत.