युवकांमधील नैराश्य : समूहानुकरण, उपचार आणि वऱ्हाडातील अनुभव

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातून अकोला, अमरावती येथील महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी स्वतःच्या मनःस्थितीसाठी ‘नैराश्य’ हा शब्द सहसा वापरीत नाही. ‘करमत नाही’, ‘टेन्शन आहे’ एवढेच तो सांगतो; पुष्कळदा तेही सांगत नाही. किमान दोन आठवडे टिकणारी उदासी किंवा कशातच रस न वाटणे आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता यांतील बिघाड, अपराधीपणाची भावना, मृत्यूचे विचार अशी लक्षणे असल्यास ती उपचारयोग्य अवस्था होय. हजेरीपटावर मात्र तिची नोंद ‘गैरहजर’ एवढीच होते.

हे मौन केवळ वैयक्तिक स्वभावाचे नसते. समूहाप्रमाणे वागण्याची प्रवृत्ती माणसापुरती मर्यादित नाही, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. दक्षिण आफ्रिकेतील वर्वेट माकडांच्या गटांना गुलाबी व निळ्या रंगाचे मक्याचे दाणे देण्यात आले. काही गटांसाठी एक रंग कडू केला होता, तर इतरांसाठी दुसरा. पुढे दोन्ही रंगांचे दाणे सारखेच चवदार असतानाही गटांनी आपापली आवड सोडली नाही. विशेष म्हणजे, दुसऱ्या गटात गेलेल्या बहुतेक नरांनी पूर्वानुभव बाजूस सारून नव्या गटाचा रंग स्वीकारला. माकडांवरून माणसांविषयी थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तथापि गाव सोडून वसतिगृहात आलेला युवक ‘येथे काय बोलतात, काय बोलत नाहीत’ हे किती लवकर शिकत असेल, याचा विचार करण्यास हा प्रयोग भाग पाडतो.

समूहाची रीत बदलता येते काय, या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडातच शोधता येते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यक्रम राबविण्यात आला. गावपातळीवरील कार्यकर्ते जाणीवजागृती व प्राथमिक मानसिक आधार, प्रशिक्षित समुपदेशक समुपदेशन आणि मानसोपचारतज्ज्ञ गुंतागुंतीच्या रुग्णांवर उपचार, अशी त्याची रचना होती. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पाहणी प्रौढांची होती व तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. तरीही तज्ज्ञांची वाट पाहत बसणे हाच एक मार्ग नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

समुपदेशनात नेमके काय करावयाचे, याचे चांगले उदाहरण गोव्यातील आहे. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी वर्तन-सक्रियीकरणाची पद्धत तपासली. उदास व्यक्ती माणसे, काम, खेळ यांपासून दूर होते; त्यामुळे समाधानाचे प्रसंग घटतात आणि उदासी वाढते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडावयाचे असते. ‘मन लागले की मैदानावर जाईन’ याऐवजी ‘मंगळवारी सकाळी मित्रासोबत वीस मिनिटे चालावयाचे’ असे छोटे, निश्चित काम ठरते आणि पुढील भेटीत त्याचा आढावा घेतला जातो. सहा ते आठ भेटींचे हे समुपदेशन बिगर-तज्ज्ञ व्यक्तींनी केले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर केवळ नेहमीची, किंचित सुधारित सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के व्यक्ती लक्षणमुक्त झाल्या. उपदेश आणि समुपदेशन यांतील अंतर येथे लक्षात येते. ‘सकारात्मक राहा’ या विषयावरील वार्षिक व्याख्यान यांपैकी काहीच साधत नाही.

औषधांना विरोध करण्याचेही कारण नाही. १२ ते १७ वयोगटातील ४३९ मुलांवरील २००४ च्या अमेरिकी अभ्यासात १२ आठवड्यांनंतर औषध व बोधनिक वर्तनोपचार एकत्र मिळालेल्या ७१ टक्के मुलांत सुधारणा आढळली. केवळ वर्तनोपचाराने ती ४३ टक्के मुलांत दिसली. तीव्र नैराश्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविणे म्हणूनच अनिवार्य ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा, तसेच शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे निर्देश दिले. समुपदेशकाचे पद भरेपर्यंतही प्राध्यापकाला बरेच काही करता येते : सलग गैरहजर विद्यार्थ्याला एकांतात विचारणे, मध्येच न तोडता ऐकणे आणि आत्महत्येचे विचार येतात काय हे सरळ विचारणे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. उत्तर होकारार्थी आल्यास विद्यार्थ्याला एकटे न सोडता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संपर्क साधावा. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा रात्रीही उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.