एकाच वाटेने अटलांटिकपार

दारातून आत शिरताच दोन्ही बाजूंस तीन-तीन आसने आणि मधून खाद्यपदार्थांची गाडी जेमतेम सरकेल एवढीच एक वाट, अशी ज्याची अंतर्रचना, ते विमान मुंबईहून नागपुरास किंवा दिल्लीस जाण्यापुरते, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झालेली आहे की, तसल्याच विमानात बसून मनुष्य माद्रिदहून थेट बोस्टनला उतरतो असे सांगितले असता पुष्कळांना ते प्रथम खरे वाटत नाही. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी आयबेरिया कंपनीच्या एअरबस ए-३२१ एक्सएलआर विमानाने हाच प्रवास केला, आणि त्याचे वर्णन सर्वत्र नव्या युगाचा आरंभ म्हणून झाले. त्या विमानाच्या कर्त्यांविषयी मला मनापासून आदर आहे. तथापि ज्यांना ही सर्वस्वी नवलाई वाटते त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, ती ही की जेट विमानांनी अटलांटिक प्रथम ओलांडला तोच मुळी एका वाटेने.

१९५८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ४ तारखेस ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनच्या कॉमेट-४ विमानांनी लंडन-न्यूयॉर्क सेवा सुरू केली, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेस पॅन अमेरिकनच्या बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कहून पॅरिसचा मार्ग धरला. या दोन्ही विमानांत वाट एकच होती. पश्चिमेकडे निघालेल्या कॉमेटला न्यूफाउंडलंडमधील गँडर येथे इंधनासाठी उतरणे प्राप्त झाले, आणि पॅरिसच्या वाटेवरील ७०७ नेही तेथेच मुक्काम केला. पुढे दोन वर्षांच्या आत, १९६० च्या मे महिन्यात, जे. आर. डी. टाटा यांच्या अध्यक्षतेखालील एअर-इंडियाने आपली ७०७ विमाने लंडनवरून न्यूयॉर्कपर्यंत नेली. हिमालयाच्या शिखरांची नावे धारण करणारी ही विमाने सांताक्रूझच्या धावपट्टीवरून उडत, आणि त्या दशकात मुंबईहून अमेरिकेस शिकावयास गेलेल्या कितीतरी मराठी तरुणांनी समुद्रोल्लंघन केले ते या अरुंद दालनात बसूनच.

नंतर १९७० च्या जानेवारीत जंबो जेट आले, दोन वाटांचे प्रशस्त दालन हीच दूरच्या प्रवासाची रीत ठरली, आणि अरुंद देहाची विमाने देशांतर्गत कामावर तैनात झाली. त्यांची महासागराशी पुन्हा गाठ पडण्यास सुमारे दोन दशके लोटावी लागली. याचे कारण एका हुकुमात होते, आणि तो हुकूम समजून घेतल्यावाचून ही कथा नीट कळत नाही.

१९५३ साली अमेरिकन सरकारच्या विमान-खात्याने असा निर्बंध घातला होता की, दोन इंजिनांच्या विमानाने, त्यांपैकी एक बंद पडल्यास, उरलेल्या एकाच्या बळावर साठ मिनिटांत विमानतळ गाठता येईल अशा टापूबाहेर जाऊ नये. पिस्टनच्या इंजिनांचा भरवसा त्या काळी बेताचाच असल्यामुळे हा हुकूम सर्वथा योग्य होता. परंतु नकाशावर प्रत्येक विमानतळाभोवती साठ मिनिटांचे वर्तुळ आखून पाहावे, म्हणजे अटलांटिकची सरळ वाट दोन इंजिनांना बंद होती हे तत्काळ ध्यानी येते. कॉमेट आणि ७०७ चार इंजिनांची असल्यामुळे त्यांना ही आडकाठी नव्हती. जेट इंजिने अधिकाधिक विश्वासार्ह ठरत गेली तेव्हा या हद्दीची फेरतपासणी अटळ झाली. १९८५ च्या फेब्रुवारीत ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे बोइंग ७६७ एकशेवीस मिनिटांची मुभा घेऊन बोस्टनहून पॅरिसला गेले, आणि १९८८ मध्ये ही मुदत एकशेऐंशी मिनिटांवर नेण्यात आली. ७६७ दोन वाटांचे होते खरे, पण त्याने उघडलेल्या दारातून लवकरच त्याचे धाकटे भावंड शिरले.

ही मुभा म्हणजे विमानाला एकदा बहाल केलेली सनद नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. विमान आणि त्यास जोडलेले इंजिन यांच्या जोडीस ती मिळवावी लागते आणि विमान चालविणाऱ्या कंपनीस निराळी मिळवावी लागते. सामानाच्या कोठ्यातील अग्निशामक योजना विमान सर्वांत दूरच्या बिंदूवरून जमिनीस लागेपर्यंत पुरली पाहिजे, आणि वर पंधरा मिनिटे शिल्लक राहिली पाहिजेत. दोन्ही इंजिनांवरचे एकसारखे काम एकाच कारागिराने एकाच खेपेस करू नये, असाही दंडक आहे, कारण एका हातून झालेली चूक दोन्हीकडे उतरली तर दुसऱ्या इंजिनाचा आधारच नाहीसा होतो. या शेवटच्या नियमात मला विलक्षण शहाणपण दिसते. मनुष्य चुकणार हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे, आणि त्याची एक चूक दोन चुका होऊ नये एवढीच काळजी वाहिलेली आहे.

ते धाकटे भावंड म्हणजे बोइंग ७५७. त्याच्या देहाची रुंदी १४८ इंच, म्हणजे हुबेहूब ७०७ ची. जणू पित्याचा अंगरखा पुत्राने वारशाने घेतला. अमेरिकेतल्या अंतर्गत मार्गांसाठी १९८३ च्या जानेवारीत कामास लागलेल्या या विमानाची इंजिने त्याच्या आकारमानाच्या मानाने इतकी बलवान होती की, आखूड धावपट्टीवरूनही भरपूर इंधन घेऊन ते सहज उठे. १९८६ च्या अखेरीस रोल्स-रॉइस इंजिनांच्या ७५७ ला एकशेवीस मिनिटांची परवानगी मिळाली. आइसलँडएअरने ते केफ्लाविकला आणले आणि महासागराचे दोन सोयीस्कर तुकडे करून टाकले. कॉन्टिनेंटलने नुअर्कहून ते अशा गावांकडे धाडले की जेथे तीनशे आसनांचे विमान कधी भरलेच नसते. २००५ पासून ब्रिस्टल आणि बेलफास्ट या दोन शहरांना अमेरिकेची थेट वाट मिळाली ती याच विमानामुळे. ब्रिस्टलची सेवा २०१० मध्ये आणि बेलफास्टची २०१७ च्या आरंभी बंद झाली, याचे मला अजून वाईट वाटते. लहान शहराच्या पदरी महासागर पडणे ही केवळ व्यापाराची बाब नसते; लेकीकडे निघालेल्या म्हाताऱ्या आईबापांना परक्या विमानतळावर विमान बदलावे लागत नाही, एवढ्या एका गोष्टीत पुष्कळ काही येते.

पण वाऱ्याशी तह करता येत नाही. उत्तर अटलांटिकवरील जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात तो प्रचंड होतो; युरोपकडे जाताना तो विमानास पाठीवर घेतो, परतताना छातीवर येतो. २०११ च्या डिसेंबरात तो इतका प्रखर होता की, अमेरिकेकडे निघालेल्या ७५७ विमानांना डझनावारी वेळा इंधनासाठी मध्येच उतरावे लागले. मीही एका जानेवारीत अशाच विमानात होतो. अर्धे प्रवासी झोपेत असताना वैमानिकाने शांतपणे सांगितले की आपण लॅब्राडोरमधील गूस बे येथे उतरत आहोत. खिडकीबाहेर निळसर बर्फ, त्यावर दिव्यांची एक विरळ रांग, आणि पंखाखाली येऊन उभा राहिलेला इंधनाचा टँकर. तासाभराने आम्ही पुन्हा उडालो. उशीर झाला तो झाला. पण १९५८ चे प्रवासी गँडरला उतरले तेव्हा त्यांना काय दिसले असेल, ते मला त्या रात्री कळले.

पुढे २००९ च्या सप्टेंबरात ब्रिटिश एअरवेजने केवळ बत्तीस आसनांचे ए-३१८ लंडन सिटी विमानतळाहून न्यूयॉर्कला धाडण्यास प्रारंभ केला. गोदीच्या आवारातील ती धावपट्टी इतकी आखूड की टाकी भरून उठणे अशक्य. म्हणून जाताना आयर्लंडमध्ये शॅनन येथे इंधन घ्यावयाचे, आणि तेवढ्या वेळात प्रवाशांनी अमेरिकेच्या प्रवेशाचे दफ्तरी सोपस्कार तेथेच उरकावयाचे. अडचणीचा असा सोयीत पालट झालेला क्वचितच पाहावयास मिळतो. ही सेवा २०२० च्या महासाथीत संपली.

७५७ चे उत्पादन २००४ मध्येच थांबले होते, आणि ती जागा पुढची चौदा वर्षे रिकामीच राहिली. २०१८ च्या नोव्हेंबरात ए-३२१ एलआर विमान ग्राहकाच्या हाती आले, ९७ टन वजनाने उठणारे आणि सुमारे ७,४०० किलोमीटर जाणारे. आणि त्यानंतर एक्सएलआर, १०१ टनांचे आणि ८,७०० किलोमीटरच्या पल्ल्याचे. या वाढीव पल्ल्यासाठी मागील कोठ्यात शरीराशीच एकजीव केलेली १२,९०० लिटरची टाकी बसविली आहे. चाकांवाचून पोटावर उतरण्याची वेळ आली तर या टाकीच्या वर बसलेल्या माणसांचे आगीपासून रक्षण कसे होणार, हा प्रश्न युरोपच्या नियामकांनी लावून धरला आणि त्यापायी विमान रखडले. ते रखडले तेच बरे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

सात-आठ तास एका अरुंद वाटेवर काढणे सुखाचे नाही, हे मी नाकारीत नाही. खाद्यपदार्थांची गाडी मध्ये आली की उठणे बंद. आणि माल वाहून नेण्यास पोटात जागा थोडी. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये एर लिंगसच्या एक्सएलआर विमानाने डब्लिन आणि नॅशव्हिल जोडले, आणि मे महिन्यात इंडियानापोलिस. समुद्रापासून शेकडो मैल आत वसलेल्या त्या शहरातला मनुष्य आता सायंकाळी आपल्याच गावच्या विमानतळावर सामान सोपवितो, आणि दुसऱ्या सकाळी ते आयर्लंडमध्ये उचलतो.