हसा, पण अर्धंच

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं. चहाच्या पहिल्या घोटालाही तेच झालं, तेव्हा मावशी आरशापुढे गेली. डावा गाल सैल पडलेला. डोळा मिटायला गेली तर पापणी अर्ध्यावरच अडकली, बुबुळ वर सरकलं आणि नुसतं पांढरं दिसत राहिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘वारं लागलंय.’ घरातले म्हणाले, ‘लकवा.’

आम्ही तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, हे फार बरं झालं. पक्षाघातात बहुधा कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात; मावशीचं डावं कपाळ मात्र गुळगुळीत होतं. म्हणजे दोष मेंदूत नव्हता, चेहऱ्याच्या नसेत होता. तरी हा निवाडा घरी करायचा नसतो. हातातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळू लागलं, तर थेट रुग्णालय गाठायचं.

मावशीला झालेल्या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याच्या नसांवर १८२१ साली निबंध लिहिणाऱ्या चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाचं हे नाव. मेंदूतून निघणारी सातवी नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून चेहऱ्यावर येते. तिला सूज आली की बोगद्यात जागा उरत नाही आणि नस दबते. म्हणून पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांना इतकं महत्त्व. डेन्मार्कमध्ये औषधाविना पाहिलेल्या रुग्णांपैकीही सुमारे ७१ टक्के पूर्ण बरे झाले होते. उरलेल्यांची वाट मात्र लांबची असते, आणि मावशी त्यांच्यातली निघाली.

या लांबच्या वाटेवर सल्ल्यांना तोटा नसतो. च्युइंगम चघळा, फुगे फुगवा, करंट घ्या. सांगणाऱ्यांची माया खरी, पण यातला जोर मला घातक वाटतो. करंटनं हमखास गुण येतो, असा भक्कम पुरावा नाही. चघळण्याचे स्नायू तर वेगळ्याच, पाचव्या नसेवर चालतात. च्युइंगमनं सातवीला काय मिळणार? पहिल्या आठवड्यांत खरं जपायचं ते डोळ्याला. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी, नाहीतर बुबुळ कोरडं पडून त्याला जखम होते.

दुखावलेली नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. वाढताना तिचे धागे वाट चुकतात. डोळ्याकडे जायचा धागा ओठाशी पोहोचतो, ओठाचा डोळ्याशी. चौथ्या महिन्यात मावशीचा ओठ हलला आणि घरात पेढे आले. पण हसली की डावा डोळा बारीक व्हायचा, डोळा मिचकावला की ओठ ओढला जायचा. याला सिनकायनेसिस म्हणतात. काहींना तर जेवताना एका डोळ्यातून पाणी येतं. अशा वेळी दात आवळून जोर लावला, तर ही चुकीची जोडी आणखी घट्ट होते.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिच्या हातात छोटा आरसा दिला. डोळे मिटले तरी आपलं कोपर कुठे आहे हे आपल्याला कळतं, कारण हातापायांच्या स्नायूंत ताण मोजणाऱ्या सूक्ष्म रचना असतात. चेहऱ्याच्या स्नायूंत त्या जवळजवळ नसतातच. आपला चेहरा काय करतोय, हे आरशानंच सांगावं लागतं.

‘मावशी, ताकद नको. अर्धंच हसा. डोळा बारीक व्हायला लागला की तिथेच थांबा.’

कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा वर गेला. डोळा उघडा राहिला. मग गालाच्या आतून अंगठा आणि बाहेरून बोट लावून आवळलेला स्नायू हलक्या हातानं सैल करणं. मग ‘प’, ‘ब’, ‘म’, कारण ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. ‘पापड’, ‘बाबा’, ‘मामा’. दिवसातून काही वेळा, थोडा थोडा वेळ, थकायच्या आत बंद. नेदरलँड्समध्ये तर मूकाभिनय करणाऱ्या कलावंताच्या मदतीनं माइम थेरपी उभी राहिली. मालिश, सैल सोडणं, दोन बाजू वेगवेगळ्या हलवणं आणि भाव चेहऱ्यावर आणणं, असं सगळं तिच्यात येतं. हट्टी स्नायूला बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन काही महिने गप्प बसवतात आणि तेवढ्या काळात नवी सवय लावतात.

चेहरा माणसाचं काय काय ठरवतो, हे अभिनेत्री ललिता पवारांच्या बाबतीत आपण पाहिलंय. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेनं त्यांचा चेहरा लुळा पडला. काही वर्षं उपचार झाले, तरी डावा डोळा अधू राहिला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. म्हणून ‘आता वर्ष झालं, काय उपयोग?’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. जुन्या दुखण्यातही अशा शिकवणीनं फरक पडतो.

मावशीचा डोळा खळखळून हसताना अजून बारीक होतोच. पण परवा तिनं फोनवर नातवाला ‘पप्पा आले का?’ विचारलं. आरसा तिच्या हातातच होता, डोळा उघडा राहिला, आणि नातवाचं उत्तर ऐकायच्या आधी तिनं मला खुणेनं जवळ बोलावून तो उघडा डोळा दाखवला.