देवगिरी ते रौझा: कबरींच्या वाटेवरची चार शतकं

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं आणि दरबारी, सैनिक, सुफी यांचे तांडे दक्षिणेला निघाले. तो बेत काही वर्षांतच गुंडाळावा लागला. आलेल्यांपैकी अनेक जण मात्र परतले नाहीत. दौलताबादच्या किल्ल्यापासून दहाबारा किलोमीटरवरच्या रौझात, म्हणजे आजच्या खुलताबादेत, त्यांना माती मिळाली. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये इथे विसावले. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला नाव मिळालं ते त्यांचंच. पुढं चारशे वर्षं दख्खनचे सत्ताधीश या सुफींच्या शेजारी जागा मागत राहिले.

ही वाट लोकांना वाचायला लावण्याची युक्ती एका परदेशी छंदात सापडते. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर १८५४ मध्ये जेम्स पेरॉट या वाटाड्यानं क्रॅनमियर तळ्याशी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्यानं आपलं कार्ड तीत टाकायचं. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’चा छंद वाढला. दिलेल्या खुणांवरून दडवलेली डबी शोधायची, तिच्यातला शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का तिच्यातल्या वहीत उमटवायचा. १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात त्यावर लेख आला आणि अमेरिकेत छंदाचं पेव फुटलं. तिथं खेड्यांतल्या जुन्या दफनभूमींतही अशा डब्या असतात. थडग्यावरचं नाव आणि साल नीट वाचल्याशिवाय पुढची खूण उलगडत नाही, आणि गावाचा इतिहास नकळत डोक्यात उतरतो.

दौलताबाद ते खुलताबाद अशीच खुणांची वाट आखायला हवी. खुलताबादला अशा वाचनाची फार गरज आहे, कारण इथला पाहुणा बहुधा एकच कबर बघून परततो. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. त्याला सुफी संत झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. डोक्यावर छत नाही, मधोमध उघडी माती. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली. २०२५ च्या मार्चमध्ये याच कबरीवरून राज्यभर वातावरण तापलं आणि सगळा रौझा पुन्हा एका नावापुरता उरला.

औरंगजेबाच्या एक्याऐंशी वर्षं आधी मलिक अंबर याच गावात दफन झाला होता. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी नहर-ए-अंबरीतून शहरात आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. गावाच्या कडेला त्याची घुमटाची कबर दगडी कमानी आणि जाळ्या घेऊन उभी आहे, जवळच पत्नी बीबी करीमाची. बादशहा उघड्या मातीत आणि एकेकाळचा गुलाम घुमटाखाली. दोन्ही जागा एका दुपारी पाहिल्या, तर सतराव्या शतकाचं दख्खन पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळतं.

अबुल हसन तानाशहाची गोष्ट तर किल्ला आणि कबरस्तान यांना थेट जोडते. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला आणि कुतुबशाहीच्या या शेवटच्या सुलतानाला दौलताबादच्या चिनी महालात डांबलं. तो कैदेतच मेला. माती मिळाली ती खुलताबादलाच. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक पहिला निजाम १७४८ मध्ये बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात पुरला गेला.

या वाटेची सुरुवात खरं तर देवगिरीच्या माथ्यावरून व्हायला हवी. तिथं जनार्दनस्वामींची समाधी आहे. निजामशाहीतले किल्लेदार आणि एकनाथांचे गुरू या दोन्ही भूमिका त्यांनी एकाच आयुष्यात निभावल्या. त्यांना वगळून नुसत्या कबरींची यादी केली तर या मुलुखाची ओळख अर्धीच राहील.

डबी मात्र कुठल्याही कबरीशी दडवू नये. संरक्षित स्मारकांत खणण्याला कायद्याची बंदी आहे, आणि ज्यांचे पूर्वज इथं झोपलेत त्यांच्या भावना कायद्याहून मोठ्या आहेत. शिक्का आणि वही शाळेत किंवा रस्त्यावरच्या चहाच्या दुकानात, गावाच्या संमतीनं ठेवता येईल. वाटेत कागजीपुरा लागतो. हाती कागद बनवण्याची तिथली परंपरा तुघलकाच्या काळापासूनची सांगतात. संभाजीनगरच्या शाळांनी सहलीचं वेळापत्रक आखताना वेरूळच्या आधी एक दुपार या वाटेला द्यावी आणि मुलांच्या वह्या कागजीपुऱ्यातूनच घ्याव्यात.