आणीबाणीनंतरची वृत्तपत्रे आणि निनावी बंदिवान

दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावरून उतरलेला १९७७-७८ सालच्या मराठी-कानडी वृत्तपत्रांचा गठ्ठा, धारवाडजवळच्या रायापूरच्या घरी, जुन्या पुणे-बेंगळूर रस्त्यावरील मालमोटारींची घरघर ऐकत चाळीत बसलो असता, एकोणीस महिने मुक्या राहिलेल्या वृत्तपत्रांना वाचा फुटल्यावर त्यांनी नेमके कोणाचे दुःख सांगितले, हा प्रश्न पानागणिक मनात येऊ लागला.

लष्करशाहीतल्याप्रमाणे आपल्याकडे आणीबाणीत रणगाडे रस्त्यावर आले नाहीत. जे झाले ते मुलकी दफ्तरातून, राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्यानिशी झाले. त्यामुळे २१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठल्यावर पत्रकारांना गणवेशधारी खलनायक सापडेना, आणि आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढील जाबजबाबांत साक्ष देण्याचे नाकारणाऱ्या इंदिरा गांधींचे नाट्यच पहिल्या पानावर आले. मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे धरली गेली, असे आयोगाने नमूद केले. पण त्या आकड्यांमागची घरेदारे धुंडाळण्याची तोशीस फारच थोड्यांनी घेतली. अर्जेंटिनात लष्करशाही कोसळल्यावर साबातो समितीने १९८४ साली ८,९६० बेपत्तांची मोजदाद केली, ती नावांच्या यादीसह. आपल्या हाती मात्र बेरीज आली, नावे दफ्तरातच राहिली.

याला एक कारण वृत्तपत्रांचे स्वतःचे अपराधी मन असावे. वाकायला सांगितले तर ती रांगू लागली, हा शेरा ज्यांचा, ते लालकृष्ण अडवाणी बेंगळूरच्या तुरुंगातून सुटून पुढे नभोवाणीमंत्री झाले होते. तेव्हा तो झोंबणे स्वाभाविकच होते. इतरांचे अपराध मोठ्या टायपात आणि आपले मात्र अग्रलेखातल्या एखाद्या परिच्छेदात, अशी वाटणी करणे सोयीचे होते. (अपवाद होते, मिनू मसानींनी 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकासाठी मुंबई उच्च न्यायालयात अभ्यवेक्षकांशी झुंज दिली, ती १९७६ मध्येच.)

बेंगळूरच्या त्याच तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या. 'संस्कार' चित्रपटातील चंद्री म्हणून, आणि त्यात आमचे धारवाडकर गिरीश कर्नाड असल्यामुळेही, इकडच्या रसिकांना त्या परक्या नव्हत्या. मे १९७६ मध्ये त्यांना धरले. खटला न चालविता, दम्याने जर्जर झालेल्या त्या बाईंना आठ महिने कोंडून ठेवले. १५ जानेवारीला पॅरोलवर सोडले आणि २० जानेवारी १९७७ रोजी, निवडणुकीची घोषणा होऊन दोनच दिवस झाले असता, त्या गेल्या. त्यांची तुरुंगातील रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली. तिच्यात स्वतःच्या श्वासाइतकीच शेजारच्या कोठड्यांतील साध्यासुध्या कैदी बायकांची चिंता आहे. गाजले मात्र नटीचे मरण, त्या बायका पुन्हा अंधारातच गेल्या.

वृत्तपत्रांचे खरे प्रायश्चित्त, माझ्या मते, १९७९ साली झाले. 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये ज्येष्ठ पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजींनी बिहारमधील कच्च्या कैद्यांची कैफियत मांडली. त्यांतील कित्येकजण गुन्हा शाबीत झाला असता भोगावी लागती त्याहूनही अधिक वर्षे खितपत पडले होते. त्या मजकुराच्या आधारे वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि हुसेनारा खातून हे एका कैदी स्त्रीचे नाव कायद्याच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले.

वाचकांना एवढीच विनंती, की त्या सालचे गठ्ठे आपल्याही माळ्यावर असतील, तर रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी ते एकदा चाळावेत, आणि वाचायला आतल्या पानांपासून सुरुवात करावी.